पिशवी गेली, कळ राहिली

"जी पिशवीच पोटात उरली नाही, ती दुखणार कशी?" हा प्रश्न मी एकदा माझ्या आईला विचारला होता. विचारला म्हणण्यापेक्षा तिला ऐकविला होता, असेच म्हणावयास हवे. पित्ताशयात खडे झाले म्हणून तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. काढलेले खडे एका लहानशा बाटलीत घालून आमच्या हाती देण्यात आले होते, आणि घरी येणाऱ्याजाणाऱ्याला ती बाटली दाखविण्यात आम्हां भावंडांना एक प्रकारचे समाधानही वाटत होते. चोर सापडला, मुद्देमाल हाती आला, आता खटला संपला! परंतु चौथ्या महिन्यात, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर, आई उजव्या बरगडीखाली हात दाबून उंबऱ्याशीच खाली बसली. "तीच जुनी कळ आहे रे," असे ती म्हणाली. घरातील एकानेही तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

मी शाळेत इतिहास शिकवितो. साक्षीदाराचे बोलणे आपल्या समजुतीस गैरसोयीचे आहे, एवढ्याच कारणाने त्याची साक्ष टाकून देऊ नये, असे मी मुलांना दरवर्षी सांगतो. आणि माझ्याच घरात मी ती टाकून दिली होती. म्हणून आज या दुखण्याचाच इतिहास आपल्यापुढे मांडण्याचे योजिले आहे. मी वैद्य नाही. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु पित्ताशय काढल्यानंतरही काही जणांचे पोट का दुखत राहते, या एका प्रश्नाच्या मागे वैद्यकशास्त्राने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कशी वाटचाल केली, ती हकीकत सामान्य माणसानेही ऐकण्याजोगी आहे.

आरंभ आपल्या बिदरपासूनच करू. बहामनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन अहमदशाह हा १४३६ ते १४५८ या काळात बिदरच्या गादीवर होता. त्याने या नगरात एक रुग्णालय स्थापन केले, त्याच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिले आणि तेथे हिंदू व मुसलमान असे दोन्ही प्रकारचे वैद्य नेमले, अशी नोंद फेरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. त्या रुग्णालयाच्या दारी पोटातील कळीने तळमळणारे रुग्ण आले नसतील असे कोण म्हणेल? ग्रीक वैद्य गॅलेन याच्या परंपरेतून आलेल्या युनानी हकिमांना यकृताखालची पित्ताची थैली माहीत होती. पित्ताच्या प्रकोपावर आपल्या वैद्यांपाशीही काढे होते, पथ्य होते. तथापि जिवंत माणसाचे पोट उघडून त्या थैलीला हात घालावा, हा विचार त्या काळी जगात कोठेही शक्य नव्हता. वेदना थांबविण्याचे साधन नव्हते, आणि जखम पिकू न देण्याची विद्याही नव्हती.

ही दोन्ही साधने एकोणिसाव्या शतकात हाती आली. १८४६ मध्ये अमेरिकेत ईथरचा आणि १८४७ मध्ये स्कॉटलंडात क्लोरोफॉर्मचा प्रयोग झाला. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची आपली पद्धत जगापुढे मांडली. या कथेत आपल्या मुलखाचाही एक धागा आहे. बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो हृदय बंद पडल्यामुळे की श्वास बंद पडल्यामुळे, हा वाद तेव्हा जगभर चालू होता. तो सोडविण्यासाठी निजाम सरकारच्या पैशाने १८८८ व १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले. रेसिडेन्सीचे शल्यविशारद एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रमुख सूत्रधार होते. श्वासाकडे लक्ष ठेवले की हृदयाची भीती नाही, असा निर्णय मोठ्या आत्मविश्वासाने देण्यात आला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही याने दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतानाही हृदयाची लय अकस्मात बिघडून माणूस दगावू शकतो. म्हणजे शेकडो प्रयोगांवर उभा केलेला निर्णयदेखील पुन्हा उघडावा लागतो. हा धडा आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

आता बर्लिनला जाऊ. तेथील लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख या तरुण शल्यविशारदाने १५ जुलै १८८२ रोजी जगातील पहिली पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्यापूर्वी काही शल्यविशारद पित्ताशय उघडून खडे तेवढे काढीत असत. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे जॉन बॉब्ज यांनी १८६७ मध्येच तसे केले होते. परंतु खडे काढले तरी ते पुन्हा होत. लांगेनबुख यांचा विचार मुळाशी जाणारा होता. पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, तर ती खडे तयार करते म्हणून ती काढावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी आधी कित्येक वर्षे प्रेतांवर सराव केला. त्यांचा पहिला रुग्ण ४३ वर्षांचा पुरुष होता. १६ वर्षे तो कळांनी हैराण झालेला आणि वेदना सोसवेनात म्हणून मॉर्फिनच्या आहारी गेलेला. दुसऱ्या दिवशी त्याला ताप नव्हता आणि तो सिगार ओढीत होता, असे सांगतात. सुमारे सहा आठवड्यांनी तो घरी गेला.

पिशवीवाचून मनुष्य जगतो कसा, असे कोणास वाटेल. पित्त पिशवीत तयार होत नाही. ते यकृतात तयार होते, दिवसाकाठी सुमारे अर्धा ते एक लिटर. पिशवी ही केवळ साठवणीची घागर. तिच्यात फार तर ५० मिलिलिटरच्या आसपास पित्त राहते आणि जेवणानंतर ते आतड्यात सोडले जाते. घागर काढून टाकली तर पाणी नळाने थेट वाहू लागते, इतकाच फरक. बहुसंख्य लोकांना तो जाणवतही नाही.

परंतु नळ तर पोटातच राहतो! दुखण्याचे पहिले रहस्य येथे आहे. पिशवीतील एखादा खडा शस्त्रक्रियेपूर्वीच घरंगळून मुख्य पित्तनलिकेत उतरलेला असतो. पिशवी गेली तरी तो तेथे राहतो, आणि महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, वाट अडवितो. बाझेलचे लुडविग कूर्व्हाझिये यांनी १८९० मध्ये पित्तमार्गाच्या विकारांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पित्तनलिका उघडून खडा काढणाऱ्या पहिल्या शल्यविशारदांमध्ये त्यांची गणना होते. तरीही नलिकेत खडा आहे की नाही हे शस्त्रक्रियेच्या वेळी बोटांनी चाचपूनच ठरवावे लागे. अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील पाब्लो मिरीझी यांनी १९३१ च्या सुमारास यावर उपाय शोधला. क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य नलिकेत सोडून शस्त्रक्रिया चालू असतानाच त्यांनी छायाचित्र घेतले. जे बोटांना कळत नव्हते ते आता डोळ्यांना दिसू लागले.

दुसरे रहस्य त्याहून सूक्ष्म. पित्तनलिका जेथे आतड्यात उघडते तेथे स्नायूचे एक इवलेसे कडे असते. ते आवळते आणि सैल होते, तसतसा पित्ताचा प्रवाह थांबतो आणि वाहतो. १८८७ मध्ये इटलीतील पेरुजा येथे शिकत असलेल्या रुग्गेरो ओडी या विद्यार्थ्याने त्याचे बारकाईने वर्णन केले, आणि ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. हे कडे वेळी-अवेळी आवळून धरले तर खडा नसतानाही कळ येऊ शकेल, अशी कल्पना त्यातून पुढे आली.

असे असूनही कारण न सापडणारे रुग्ण उरतच. १९४७ मध्ये वोमॅक आणि क्रायडर या अमेरिकन शल्यविशारदांनी पित्ताशय काढल्यानंतर टिकून राहणाऱ्या लक्षणांवर निबंध लिहिला. तेव्हापासून या सर्व तक्रारींना मिळून एक भारदस्त सामूहिक नाव रूढ झाले. नाव मिळाले की रोग समजला असे आपल्याला वाटू लागते. वस्तुतः ते नाव म्हणजे एक गाठोडे होते. त्यात राहून गेलेला खडा होता, शस्त्रक्रियेत दुखावलेली नलिका होती, पिशवीचा उरलेला तुकडा होता. त्याचबरोबर जठरातील व्रण, अन्ननलिकेत वर येणारे आम्ल, स्वादुपिंडाची सूज आणि आतड्यांची चिडचिड असे पिशवीशी संबंध नसलेले विकारही होते.

या गाठोड्यातील एका दुखण्याने राजकारणाच्या इतिहासातही जागा मिळविली आहे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचे पित्ताशय १२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये काढण्यात आले. त्या वेळी त्यांच्या पित्तनलिकेला इजा झाली. त्याच महिन्यात दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि जूनमध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे रिचर्ड कॅटेल यांनी नलिका पुन्हा जोडली. ईडन कामावर परतले, १९५५ मध्ये पंतप्रधान झाले. परंतु थंडी वाजून येणारा ताप आणि पोटातील कळ यांनी त्यांची पाठ सोडली नाही. ऑक्टोबर १९५६ च्या आरंभी, सुएझचा पेच शिगेला पोचत असताना, ते तापाने फणफणून रुग्णालयात पडले. महिनाअखेरीस ब्रिटिश विमानांनी इजिप्तवर बाँबफेक केली. जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी बॉस्टनला त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. सुएझचा निर्णय त्यांच्या दुखण्याने घडविला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण एवढी साधने हाताशी असलेल्या माणसालाही या दुखण्याने किती वर्षे छळले, हे मात्र खरे.

आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना तो आठवडा निराळ्या कारणाने आठवत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले: बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात आले, उदगीर-निलंग्याकडचा भाग मुंबई राज्यात गेला, तर जहीराबाद-नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात. गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी, तेही म्हैसूरकडे आले. ही विभागणी मी उगीच आठवीत नाही. आपल्या रुग्णांच्या दुखण्याशी तिचा कसा संबंध येतो, ते शेवटी सांगतो.

यानंतरची वाटचाल मोठी झपाट्याची आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅक्यून यांनी तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेच्या मुखात द्रव्य सोडले आणि पोट न उघडता तिचे चित्र मिळविले. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये कावाई यांनी त्याच वाटेने ओडीचे कडे कापून अडकलेला खडा काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली. राहून गेलेल्या खड्यासाठी पुन्हा पोट फाडण्याची गरज बहुतांशी संपली. पुढे १९९१ पासून चुंबकीय यंत्राने, कोणतेही उपकरण आत न घालता, पित्तमार्गाचे चित्र मिळू लागले.

मूळ शस्त्रक्रियाही पालटली. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीत एरिख म्यूहे यांनी लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले. त्यांच्याच देशातील शल्यविशारदांनी आरंभी त्यांची उपेक्षा केली. पुढे १९९२ मध्ये त्यांनीच म्यूहे यांचा गौरव केला. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. पोटात दुर्बीण घालून निदान करण्याचे काम ते १९७२ पासूनच करीत होते. गरीब रुग्णाला लवकर कामावर परतता यावे, हा या पद्धतीचा मोठा लाभ. तथापि प्रत्येक नव्या साधनाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. या पद्धतीच्या पहिल्या काही वर्षांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण वाढले. हजारी सुमारे दोन होते ते पाचाच्या आसपास गेले, असे तेव्हाच्या पाहण्यांत आढळले. १९९५ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी नियम सांगितला की, कापावयाच्या रचना पूर्ण मोकळ्या करून स्पष्ट ओळखल्याखेरीज काहीही कापू नये. नियम साधा आहे. पण त्यामागे किती जणांच्या वेदना जमा आहेत!

आता सर्वांत अलीकडची दोन प्रकरणे. ओडीच्या कड्याची कल्पना इतकी पटण्याजोगी होती की, पित्ताशय काढल्यानंतर दुखत राहणाऱ्या हजारो रुग्णांचे ते कडे कापण्यात आले. ते खरोखर उपयोगी पडते काय? अमेरिकेत सात केंद्रांतील २१४ रुग्णांवर याची कसोटी झाली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे असे रुग्ण होते की, ज्यांच्या तपासण्यांत अडथळ्याची ठळक खूण नव्हती. काहींचे कडे कापले, काहींचे न कापता केवळ दुर्बीण घालून काढून घेतली, आणि कोणाला काय केले हे रुग्णांना सांगितले नाही. कापलेल्यांपैकी शेकडा २३ जणांना आराम पडला. न कापलेल्यांपैकी शेकडा ३७ जणांना! म्हणजे अशा रुग्णांत कापण्याने काही साधत नव्हते.

दुसरी पाहणी नेदरलँड्समधील. पोटदुखी आणि पित्ताशयात खडे असलेल्या हजारांहून अधिक रुग्णांचा तेथे अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने उपचार केलेल्यांपैकी वर्षानंतर शेकडा ६० जणांचे दुखणे पूर्ण थांबले होते. निवडक लक्षणे पाहून मगच शस्त्रक्रिया ठरविलेल्यांपैकी शेकडा ५६ जणांचे. दोन्ही गटांत शेकडा ४० च्या घरात लोकांचे पोट काही ना काही दुखतच होते. याचा अर्थ असा की, पोटात खडे दिसले म्हणून पोटातील प्रत्येक कळ खड्याचीच असते असे नाही. बाटलीतील खडा हा मुद्देमाल खरा, पण गुन्हा त्यानेच केला हे सिद्ध व्हावयाचे असते.

श्रोते हो, या सर्व हकीकतीतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, "पिशवी नाही तर दुखेल कसे?" असे म्हणून ज्यांनी चौकशी थांबविली त्यांच्या हाती काही लागले नाही, ज्यांनी रुग्णाचे म्हणणे खरे धरून पुढे शोध घेतला, त्यांनाच खडा सापडला, इजा सापडली, जठरातील व्रणही सापडला. दुसरी अशी की, दुखते हे खरे मानणे निराळे आणि त्याचे पहिले सुचलेले कारण खरे मानणे निराळे. पहिल्यात कसूर झाली तर रुग्ण एकटा पडतो. दुसऱ्यात घाई झाली तर त्याच्यावर नाहक सुरी चालते.

डॉक्टर रुग्णाला पहिल्याने जे विचारतात त्याला ते 'हिस्टरी' म्हणतात, म्हणजे इतिहासच. कळ कोठे येते, किती वेळ टिकते, पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाते काय, जेवणानंतर येते की रिकाम्या पोटी, शस्त्रक्रियेपूर्वीची कळ अशीच होती की निराळी, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढील तपासणी ठरते. आणि आपल्या सीमाभागात हा इतिहास नेमका येथेच तुटतो. औराद-भालकीचा रुग्ण बिदरला दाखवितो, शस्त्रक्रिया लातूरला वा हैदराबादला करून घेतो. आळंद-अफजलपूरचा कलबुर्गीहून सोलापूरला जातो. गुलबर्ग्यास १९६३ मध्ये महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे बिदरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले; सोयी वाढल्या ही आनंदाची गोष्ट. परंतु एका राज्यातील कागद दुसऱ्या राज्यातील डॉक्टरांपुढे जात नाहीत. कागद इंग्रजीत, डॉक्टरांची बोली कन्नड वा तेलुगू, आणि रुग्णाचे दुखणे मराठीत. कळ, मुरडा, जळजळ, ठसठस, ओढ असे आपल्यापाशी वेदनेचे पाच निरनिराळे शब्द आहेत, आणि दुभाष्या नातेवाईक त्या सर्वांचे मिळून "पोट दुखते" एवढेच भाषांतर करतो!

माझ्या आईचे असेच झाले. आम्ही तिचे दुखणे वाताचे ठरविले. दोन महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले, तेव्हा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली. एके रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा आम्ही जागे झालो. कळ, कावीळ आणि थंडीताप ही तीन लक्षणे एकत्र आली तर पित्तमार्ग तुंबून आत विष साचत असल्याची ती खूण असते, असे फ्रेंच वैद्य शार्को याने १८७७ मध्येच सांगून ठेविले आहे. अशा वेळी तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नव्हे. नलिकेत राहिलेला एक खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढण्यात आला. चण्याच्या डाळीएवढा होता. शुद्धीवर आल्यावर आई मला रागावली नाही. "आता तरी खरं वाटलं ना?" एवढेच तिने विचारले, आणि जपमाळ मागितली.

तेव्हा आपल्या घरात अशी शस्त्रक्रिया झालेली कोणी व्यक्ती असेल तर तिचे सर्व कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. कोणत्याही गावी दाखविण्यास जाताना ते बरोबर न्यावेत. दुखणे पुन्हा उद्भवल्यास तारीख, वेळ, जागा आणि काय खाल्ले होते हे एका वहीत लिहावे, आणि ज्या शब्दात रुग्ण सांगेल त्याच शब्दात लिहावे. लघवी गडद किंवा शौचास पांढुरके होऊ लागले, डोळे पिवळे दिसले, थंडी वाजून ताप आला, तर माळेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. यांपैकी काही नसेल तर घाबरून जाऊ नये. कारण पुष्कळदा साधे असते, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाईही करू नये.

ती खड्यांची बाटली आता आमच्या घरी कोणी दाखवीत नाही. तिच्याजागी कपाटात एक वही आहे. आईच्या सांगण्यावरून मी लिहिलेली. इतिहासाचे ते माझे सर्वांत लहान पुस्तक. परंतु त्यातील साक्ष मी पुन्हा कधी टाकून दिली नाही.